गच्चीवरचा गॅस

राधा वाशिमहून पुण्यात आली, तेव्हा एसी दुरुस्तीच्या प्रशिक्षणवर्गात ती एकटीच मुलगी होती. शिकवायला बद्रीनाथ सर होते. जुन्या यंत्रातला गॅस हवेत सोडायचा नाही, ओझोनचा थर विरळ होतो, तो सिलिंडरमध्ये परत भरून घ्यायचा, हे ते इतक्या तळमळीने सांगत, की राधाने त्यांच्याच हाताखाली काम धरलं. शनिवार पेठेतल्या त्यांच्या घरी ती सणाला जेवायला जाई.

हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गच्चीवरची जुनी यंत्रं काढायची होती. राधा गॅस भरून घ्यायचं मशीन खालून वर घेऊन आली, तर सरांनी जुन्या यंत्राची गॅसची नळी उघडून सोडून दिली होती. गॅस फुसफुसत बाहेर पडत होता.

"सर, हे काय?"

"त्यांना गच्ची आजच मोकळी हवी आहे. भरत बसलो तर दोन दिवस जातील."

तेवढ्यात इमारतीची देखभाल पाहणारा केयूर वर आला. "गॅस सोडला कुणी? आमच्याकडे पर्यावरणाचं ऑडिट असतं, माहितीये ना?"

सरांनी राधाकडे पाहिलंही नाही. "नवीन आहे ही. हिच्या हातून नळी निसटली."

राधाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग ती म्हणाली, "मी आत्ता वर आले. नळी सरांनी सोडली."

केयूरने दोघांकडे पाहिलं आणि सरांना म्हणाला, "उद्यापासून हिला आणू नका."

जिन्यात सर हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. तुला दुसरीकडे काम लावून देतो." राधाने गाडीतून आपली हत्यारं काढली आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

लोणी काळभोरला एका शीतगृहात तिला काम मिळालं. बद्रीनाथ सरांच्याच वर्गातून तिथे नव्याने लागलेली चंपा एकदा म्हणाली, "वर्गात सर एका मुलीचा किस्सा सांगतात. निष्काळजीपणे सगळा गॅस सोडला म्हणे तिने."

सरांच्या पुढच्या वर्गाला राधा जाऊन बसली. किस्सा सुरू होताच उभी राहिली.

"ती मुलगी मी. नळी सरांनी सोडली होती."

सरांनी चष्मा पुसला. "बसा. विषयाला धरून बोलू या," म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

राधा बसली नाही. बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं. मुलं सरांनी लिहिलेलं उतरवून घेत होती. एक मुलगी तेवढी पेन खाली ठेवून सरांकडे बघत होती.