खंडेनवमीला बसलेली गिटार

कुसुमची गिटार पडली ती नशिबानं चुरमुऱ्यांच्या पोत्यावर. खंडेनवमीला दुकानात वाटायला आणलेलं पोतं सोप्यात होतं म्हणून वाचली. आधी पट्टा अडकवायचं एका टोकाचं बटण स्क्रूसकट उपटून आलं, मग खणाचा गुळगुळीत पट्टा दुसऱ्या बटणावरून घसरला, आणि कुसुमच्या खांद्यावर नुसता पट्टा राहिला.

संध्याकाळी महिला मंडळात तिला वाजवायचं होतं, तेही उभं राहून. पन्नाशीनंतर शिकलेली विद्या. बसून वाजवली की जाऊबाई म्हणायच्या, "मांडीवर भोपळा घेऊन चिरतीस असं दिसतंय बघ." विमलअक्कांचं हे वाक्य तिला आज परत ऐकायचं नव्हतं.

ती नवऱ्याकडं गेली. दत्तात्रेयांचं कोप्पीकर रोडला शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान. घरातले सगळे स्क्रूड्रायव्हर पाटावर झेंडूत मान घालून पडले होते.

"अहो, एकच स्क्रू आवळायचाय."

"आज त्यांना सुट्टी. आज हात लावायचा नाही, उद्या."

"उद्या कार्यक्रम संपलेला असेल."

"मग गोकुळ रोडच्या कारखान्यांत जाऊन बघ. तिथंबी सगळी हत्यारं पूजेलाच बसलीत."

कुसुम स्वयंपाकघरात आली. विळी होती, उलथनं होतं. ह्या हत्यारांच्या पूजेचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर दुपारचं जेवण कोण घालणार होतं?

स्क्रूचं भोक ऐसपैस झालं होतं. तिनं आगपेटीतल्या काड्यांचे गुल मोडले, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासल्या, वर आलेली टोकं विळीवर उडवली. जेवणं उरकेपर्यंत सगळं वाळलं. मग डोशाच्या उलथन्याची पातळ कड स्क्रूच्या खाचेत घालून तिनं तो दात-ओठ खात पिळला. घट्ट बसला.

राहिला घसरणारा पट्टा. दाराआड एक जुनी हवाई चप्पल होती. तिच्या टाचेतून दोन चकत्या कापल्या, मध्ये भोकं पाडली, आणि पट्टा अडकवून वरून बटणांवर चढवल्या. ओढून पाहिलं. हलेना. कुसुम खुशीत आंघोळीला गेली.

साडी नेसून आली तर गिटार पाटावर. गळ्यात हार, अंगावर अक्षता.

"तुझंबी हत्यारच की," दत्तात्रेय भिंतीकडं बघत म्हणाले. "आमची बसली आणि तुझं राहिलं, बरं नाही वाटलं."

कुसुमचे डोळे भरून आले. संसारात ह्या माणसानं तिच्या कुठल्याच वस्तूला फूल वाहिलं नव्हतं. आणि वाहिलं ते नेमकं आज.

विमलअक्का तिला न्यायला आल्या होत्या. पाटाकडं बघून म्हणाल्या, "झालं. आता ती उद्याच उठायची. चल, टाळ्या वाजवायला तरी ये."

कुसुम पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, त्या बटणांवरच्या चकत्या आहेत ना, त्या चपलेच्या आहेत."

"कुठल्या चपलेच्या?"

"तुमच्याच. दाराआडच्या."

दत्तात्रेयांनी वाकून बघितलं. "कुंकू तर मी नेमकं तिथंच लावलं. बसायला बरी जागा होती."

"नमस्कार केलात का, भाऊजी?" विमलअक्कांनी विचारलं.

"केला."

"कपाळ टेकून?"

दत्तात्रेयांचा हात कपाळाकडं गेला. विमलअक्का पदर तोंडात कोंबून खाली बसल्या. दत्तात्रेयांनी दोन्ही हातांनी गिटार उचलली, देवाची माफी मागितली, पाटावर पाणी शिंपडलं आणि गिटार बायकोच्या गळ्यात अडकवली.

"घेऊन जा. देवानं पाहिलंय, त्याला आता दुसरं काहीतरी बघू दे."

संध्याकाळी कुसुम उभी राहून वाजवत होती. एक सूर चुकला, तरी ती उभीच होती. दत्तात्रेय शेवटच्या ओळीत चुरमुरे खात बसले होते. त्यांचं लक्ष बायकोच्या बोटांवर नव्हतं, कुंकू लागलेल्या बटणावर होतं.

घरी आल्यावर दत्तात्रेय दारात पाय धुता धुता म्हणाले, "बसलंय घट्ट. उरलेली चप्पल टाकू नको."