एक वाजताची तोफ

“बारा पन्नास झाले,” रोझलिन म्हणाली. मग ती बाकावर थोडी सरकली आणि त्याच्या उजव्या कानाजवळ तोंड नेऊन तेच पुन्हा म्हणाली.

“पयल्यांदाच ऐकलं गो,” इनास म्हणाला. “सारखं सारखं काय सांगतेस? घड्याळ माझ्या पन हाताला हाय.”

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो समोरच्या कारंज्याकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नव्हतं.

एडिनबरोच्या किल्ल्याखालच्या बागेत दोघे बसले होते. जून महिना होता, तरी वारा अंगात शिरत होता. बागेच्या कडेने काळा खडक सरळ वर गेला होता आणि त्याच्या माथ्यावर किल्ला होता. तो खडक म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला लाव्हा, हे रोझलिनने कालच त्याला सांगितलं होतं. वसईच्या मराठी शाळेत तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं; असं काही सांगितल्याशिवाय तिला डोंगर बघता येत नसे.

“म्हंजे आपल्या तुंगारेश्वरच्या डोंगरातल्या दगडाचा भाऊबंदच की,” इनास म्हणाला होता. मग तिकिटाच्या खिडकीसमोरची रांग बघून, “पाचूबंदरला आपल्या दारात वसईचा किल्ला. ना तिकीट, ना रांग. म्हशी पन फुकट बघून जातात.”

किल्ल्यात ते गेले नाहीत. त्याला तोफ तेवढी ऐकायची होती.

न्यूकॅसलला नर्स असलेल्या मर्लिनने, त्यांच्या मुलीने, हे दोन दिवस ठरवून दिले होते. शनिवार-रविवार तिची ड्युटी होती. “दीड तासाची गाडी आहे, पप्पा. एक रात्र राहा, फिरा, रविवारी संध्याकाळी परत या.” तिनेच तोफेचं सांगितलं होतं. पूर्वी बंदरातली जहाजं आपली घड्याळं लावून घ्यायची, म्हणून किल्ल्यावरून दुपारी एक वाजता तोफ उडवायचे, अजून उडवतात. इनासच्या डोक्यात ते बसलं. “दर्यावाल्यांसाठी तोफ!” चार दिवस तो हेच बोलत होता. पण शनिवारी गाडी उशिरा पोचली. स्टेशनाबाहेर आले तेव्हा दीड वाजला होता. मर्लिन फोनवर म्हणाली, “मग उद्या ऐका ना. रोज एकला असते.”

आणि काल संध्याकाळी, जेवताना, त्याने पैज लावली.

“तुझं ते मशीन हाय ना, कानातलं? उद्या तोफ ऐकू आली नाय, तर लावीन. आली, तर परत नाव काढायचं नाय. कबूल?”

“कबूल,” रोझलिन म्हणाली.

ही पैज तो जिंकणार, हे तिला माहीत होतं. वसईला कान तपासले तेव्हाचा आलेख तिने नीट पाहिला होता. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, रेघ बरीच वर होती; बारीक आवाजांकडे जाताना ती घाटासारखी खाली कोसळत होती. म्हणजे भांड्यांचा किणकिणाट, पाखरं, बाईमाणसाचं हळू बोलणं, सगळं गेलेलं. ढोल, ट्रक, तोफ शाबूत. तरी ती कबूल म्हणाली. एवढ्या लांब येऊन भांडण नको होतं. मशीन सात महिने तिच्या पर्समध्येच होतं, तसंच आणखी राहिलं असतं.

पण परत गेल्यावर काय, हा प्रश्न राहिलाच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत बंदरातली इंजिनं उघडतात. पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंतच्या बोटींची इंजिनं चाळीस वर्षं इनासकडे येत होती, आणि ती त्याच्या कानासाठी येत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तो चालू इंजिनाच्या अंगावर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. “इंजिन बोलतं. आपन फक्त गप ऱ्हायचं.” मग डोळे उघडून सांगायचा, कुठलं बेअरिंग, कितवा व्हॉल्व्ह. इंजिन खोललं की तेच निघायचं. त्या चाळीस वर्षांच्या धडधडीनेच कान खाल्ले, हे त्याला कितीदा सांगून झालं होतं.

गेल्या ऑक्टोबरात त्याने केनीच्या बोटीचं इंजिन ऐकलं आणि “जा बिनधास्त” म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी भर दर्यात बेअरिंग जाम झालं. दुसऱ्या बोटीने दोर लावून त्यांना ओढत आणलं. माणसं सुखरूप आली. केनी रोझलिनला बाजारात गाठून म्हणाला होता, “काकी, काकांना नका सांगू. त्यांच्या हाताखाली मोठे झालो आमी. पन या येळेला इंजिन दुसरीकडं नेतो. बोटीत पाच जनं असतात.”

तिने इनासला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मशीन मात्र आणलं होतं.

“किती झाले?” त्याने विचारलं.

तिने बोटं दाखवली. चार मिनिटं उरली होती.

त्याने कानटोपी काढून खिशात घातली. वाऱ्याने त्याचे कान लगेच लाल झाले. सकाळी चर्चमध्ये मिस्साला घातलेला पांढरा शर्ट स्वेटरच्या गळ्यातून दिसत होता. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती. कोणा जीनच्या आठवणीत हा बाक, तिला ही बाग आवडायची. इनासने ती पट्टी बाकावर बसण्याआधीच वाचून काढली होती. लिहिलेलं काहीही तो शेवटपर्यंत वाचायचा. इंजिनाबरोबर आलेला कागद असो की औषधाच्या बाटलीतला, अगदी खाली बारीक अक्षरात असतं तेसुद्धा. “खरं काय ते खालीच लिवतात,” असं त्याचं म्हणणं.

एक मिनिट उरलं तेव्हा त्याने डोळे मिटले. इंजिन ऐकताना मिटायचा तसेच. फक्त कानाशी मूठ नव्हती.

रोझलिन वर तटाकडे बघत राहिली. अंतर दोनशे-अडीचशे मीटर. आधी धूर दिसेल, मग पाऊण सेकंदात आवाज. घड्याळाचा काटा बारावर आला, पुढे गेला.

धूर दिसला नाही. आवाज आला नाही. हिरवळीवरची कबुतरं आपली दाणे टिपत होती, त्यातलं एकही उडालं नाही. पलीकडच्या बाकावरच्या बाईने पुस्तकातून मान वर केली नाही. रोझलिनला वाटलं, आपलं घड्याळ पुढे असेल. ती आणखी एक मिनिट थांबली.

इनासने डोळे उघडले. आधी त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजून एक मिनिट. मग तिच्याकडे पाहिलं. तिने तो चेहरा पूर्वी एकदाच पाहिला होता, मर्लिनच्या जन्माच्या वेळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी.

“वाजली!” तो म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा होता. पुस्तकवाल्या बाईने आता मान वर केली. “काय वाजली गो! हितं लागली, छातीत.”

त्याने छातीवर पंजा ठेवला.

“हो,” रोझलिन म्हणाली. “केवढी वाजली.”

हे आपण का म्हणालो, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तोंडातून निघून गेलं. तो उठून कारंज्याकडे गेला तेव्हा तिने फोन उघडला. रोज दुपारी एक वाजता, रविवार सोडून. मर्लिनच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि या दोघांच्याही नाही. सकाळी मिस्सा ऐकून, शांततेची खूण म्हणून शेजारच्या स्कॉटिश म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन, दोघे सरळ इथे येऊन बसले होते, रविवारी न उडणाऱ्या तोफेची वाट बघत.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारंज्यापाशी इनास पाठमोरा उभा होता. डावा हात डाव्या कानावर ठेवून काढत होता. मग उजवा उजव्यावर. मग त्याने दोन बोटं कानाजवळ नेऊन चुटकी वाजवली.

त्याला वाटत होतं, तोफ उडाली आणि आपल्याला ऐकू आली नाही.

नंतरची दुपार कठीण गेली. उतरत्या दगडी गल्ल्यांमधून ते हिंडले. एका कोपऱ्यावर पिशवीचं वाद्य वाजवणारा, घागरा घातलेला माणूस उभा होता. काल इनास त्याच्यासमोर दहा मिनिटं थांबला होता, “ह्याच्यापेक्षा आपली लग्नातली बँडपार्टी सुरात वाजवते” म्हणाला होता. आज न बघता पुढे गेला. रस्ता ओलांडताना त्याने तिचं कोपर घट्ट धरलं. एरवी तो चार पावलं पुढे असायचा.

“दमलात काय?” तिने विचारलं.

“नाय.”

“चहा पिऊ?”

“कशाला?”

रोझलिन त्याच्या उजवीकडून चालत राहिली. सांगून टाकणं सोपं होतं. आज तोफ उडालीच नाही, तुमचे कान कालच्याइतकेच आहेत. त्याच्या डोक्यावरचं ओझं एका वाक्यात उतरलं असतं. पण त्याच वाक्यात तो खोटा ठरला असता, तिच्यासमोर. आणि गप्प राहिलं, तर तो आज ना उद्या घाबरूनच मशीन लावेल. तिला हवं होतं ते होईल. पण खोट्या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष बरोबर आला तरी तिने शाळेत कधी मार्क दिले नव्हते.

स्टेशनात गाडीला वीस मिनिटं होती. भिंतीशी पर्यटकांसाठी कागद लावून ठेवले होते. तिने त्यातला किल्ल्याचा शोधला, उलटा करून बघितला, आणि पर्समध्ये टाकला.

गाडी सुटल्यावर तिने तो त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

“काय हाय?”

“तोफेचं लिवलंय. वाचा.”

त्याने चष्मा लावला. इंजिनांच्या पुस्तकांवर शिकलेलं त्याचं इंग्रजी बोटाच्या आधाराने चालायचं. बोट हळूहळू खाली उतरत गेलं. तोफ कधी बसवली, जहाजं घड्याळं कशी लावायची, बघायला कुठे उभं राहावं. रोझलिन खिडकीबाहेर बघत होती. डाव्या हाताला समुद्र आला होता, शिशाच्या रंगाचा, आणि त्यात एक लहानशी मासेमारीची बोट होती.

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. तिथेच राहिलं.

चष्मा काढून त्याने तो शर्टाच्या टोकाला पुसला.

“आयताराला नाय उडत.”

“नाय.”

“तुला कवा कळलं?”

“तवाच. तुमी कारंज्याकडं गेलात तवा.”

“आनि त्याच्या आधी तू म्हनलीस, केवढी वाजली.”

“म्हनली.”

“मास्तरीन ना गो तू? एकतीस वर्सं पोरांना काय शिकवलंस? तोफ नाय, धूर नाय, आनि म्हने केवढी वाजली!”

“तुमाला तर छातीत लागली होती.”

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. तीही हसली. समोरच्या मुलीने कानातला इअरफोन काढून दोघांकडे पाहिलं आणि परत घातला. हसणं संपल्यावर त्याने डोळे पुसले, आणि ते जरा जास्तच वेळ पुसले.

“दुपारभर मला वाटलं, आता तोफ पन गेली.”

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“मी कधी आयताराला पाना धरला नाय,” तो म्हणाला. “मालक दारात उभं ऱ्हायलं तरी नाय धरला. मग ती तोफ तरी का उडंल?” त्याने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग समुद्रातल्या त्या बोटीकडे बघत विचारलं, “केनीचं बेअरिंग माझ्यामुळं गेलं ना?”

“नाही” रोझलिनच्या ओठांवर आलं होतं. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं.

“हो.”

“बोट वढत आनली ते बंदरात समद्यांनी बघितलं. त्यानं माझं नाव तोंडातून काढलं नाय. पन नाताळला बोंबील पाठवलं, दर वर्साच्या दुप्पट. तवाच समजलो. ज्याचं इंजिन परत आपल्याकडं येनार, तो वाटा वाढवत नाय.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “पाच मानसं होती बोटीत.”

“सुखरूप आली.”

“आली म्हनून बरं.” त्याने तिच्या पर्सकडे हात केला. “काढ ते.”

डबी उघडायला तिला वेळ लागला. सात महिन्यांत झाकण घट्ट बसलं होतं. मशीन वालाच्या दाण्याएवढं होतं. त्याने मान तिच्याकडे झुकवली, लहान मूल तेल घालून घ्यायला झुकवतं तशी. कानाच्या पाळीवर डिझेलने काळवंडलेली बारीक रेघ होती, ती कुठल्याच साबणाने निघत नसे. तिने मशीन बसवलं, बटण दाबलं आणि हात काढला.

तो दचकला. डब्याचं दार सरकलं, तिकडे वळून बघितलं. कोणीतरी चमचा कपात फिरवला, तिकडे बघितलं.

“कसं वाटतं?” रोझलिनने विचारलं. कानाजवळ न जाता, नेहमीच्या आवाजात.

“वरडू नको.”

मग तो गप्प बसून ऐकत राहिला. तिला भूक लागल्याची जाणीव झाली. पर्सच्या तळाशी घरून आणलेली सुकवलेली केळी होती, आगाशीची सुकेळी, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. तिने पुडी टेबलावर घेतली, दोरा सोडला आणि पान उलगडायला लागली.

“ते काय गो वाजतंय?”

“कुठं?”

“हितं. आता वाजलं ते.”

तिने हाताकडे बघितलं. “पान. सुकेळीचं पान हाय.”

इनास पानाकडे बघत राहिला. ज्याचं नाव खूप दिवस आठवत नव्हतं अशा माणसाकडे बघावं, तसं.

सुकेळं काढून झालं होतं. पान आता रिकामं होतं, टाकून द्यायचं. रोझलिनने ते टेबलावर ठेवलं, एकेक घडी घालून पुन्हा मिटलं, आणि मग सावकाश, कडेपासून, परत उलगडायला सुरुवात केली.