दाढीवाला ऑगस्टस

"सरकलं! बघा, सरकलं!"

जर्मनीत, इंगोलश्टाटमधल्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये शंभरेक मराठी माणसं टाचा उंचावून पाहत होती. हॅनोव्हरहून आलेल्या वासुदेवबुवांनी डाव्या तळहातावर तांब्याचं ताम्हन धरलं होतं आणि त्यातलं काळपट नाणं आपोआप समोरच्या आजारी माणसाकडे निघालं होतं.

"साक्षात ऑगस्टस सम्राटाचं नाणं!" बुवा गरजले. "रोमची जहाजं आपल्याकडे मिरी न्यायला येत. तेव्हा एका ऋषींनी दिलेला मंत्र ह्यात उतरलाय. हे ज्याच्याकडे सरकलं त्याचा रोग गेला. गेनाऊ? बरोबर ना?"

"गेनाऊ!" हॉल घुमला. त्यात मोटारींच्या कारखान्यातले निदान चाळीस इंजिनियर होते.

शुभाचं डोकं उठलं. ती एका रोमन संग्रहालयात लोकांना माहिती सांगायचं काम करी. गेल्या रविवारी हे नाणं तिच्या सासऱ्यांकडे, भास्कररावांकडे, सरकलं आणि त्यांनी इन्शुलिन बंद केलं. आठवडाभर तिने घसा कोरडा केला. "बाबांना बरं वाटतंय ना, मग झालं," नवरा कपिल म्हणे. आज सकाळी साखर चारशेच्या वर गेली, तरी म्हातारा हटून बसला, "आधी नाणं, मग डॉक्टर." म्हणून त्याला घेऊन दोघं आधी इथे आले होते.

ती तडक पुढे गेली. ताम्हनात वाकून म्हणाली, "ह्याला तर दाढी आहे. ऑगस्टसच्या नाण्यांवर दाढी नसते. दाढी राखायची रीत हेड्रियन सम्राटापासून आली, शंभर वर्षांनी."

"नंतर वाढवली असेल हो!" मागून कोणीतरी म्हणालं.

"मेल्यावर?"

लोक हसले, पण तिच्यावरच. तिने पर्समधून कामावरची नावाची पट्टी काढली. ती चुंबकाने कोटाला चिकटत असे. "रोमन नाणी सोन्याची, चांदीची, तांब्या-पितळेची. चुंबकाजवळ ढिम्म हलत नाहीत."

पट्टी जवळ नेताच नाणं खट्‌कन चिकटलं.

"हे लोखंड आहे. बुवा, ताम्हन टेबलावर ठेवा."

"श्रद्धा नाही तिथे..." बुवा पुटपुटले. तोवर कपिल उठून आला होता. त्याने ताम्हन उचललं. खाली बुवांच्या बोटात अंगठी होती, खडा तळहाताकडे फिरवलेली. कपिलने ती मागून घेतली, ताम्हनाखाली फिरवली. नाणं मुकाट मागे मागे फिरलं.

"निओडिमियमचं चुंबक," तो हळूच म्हणाला.

"कारखान्यात एक बोल्ट मोजल्याशिवाय पुढे सोडत नाहीस तू," शुभा म्हणाली. "आणि बाबांचं इन्शुलिन सोडू दिलंस!"

भास्करराव काठी टेकत उठले. "चल सूनबाई, डॉक्टरकडे."

दारात कपिलचा सहकारी श्रीनाथ आडवा आला. "वहिनी, हे नकली निघालं. पण तुमच्या संग्रहालयात खरी असतील ना? एखादं बुडवलेलं नुसतं पाणी मिळालं तरी..."

शुभाला रडावं की ओरडावं कळेना.

"खूप आहेत, भाऊजी. त्यांच्यावर ज्यांचे चेहरे आहेत ना, त्यातले काही सम्राट साध्या तापाने गेले, काही साथीत. त्यांच्याकडे तर खजिनेच्या खजिने होते ह्या नाण्यांचे. आजार झाला तर औषध घ्या. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी त्याचा हात बघा."