खेचरांची माळ कोणी बांधली

शिकारी माणूस दोन गोष्टींबद्दल हमखास खोटं बोलतो: स्वतःचं वजन आणि घोडेस्वारी. शिकाऱ्यांना घोड्यांवरून डोंगरात नेणं हा आमचा धंदा, आणि तेहतीस वर्षं त्याचा फोन मी घेतला आहे, तेव्हा हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. दोनशे पौंड असं कुणी कळवलं की मी मनात तीस वाढवायचे. घोड्यावर बसायची सवय आहे म्हणाला, तर समजायचं की लहानपणी जत्रेत बसला असेल. माणसाने आपल्याबद्दल थोडं फुगवून सांगावं, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या डोंगरात आठ तास चढ असतो, वाटेच्या एका अंगाला कडा असतो, आणि जड माणूस चुकीच्या जनावरावर बसला की पाठ जनावराची जाते.

म्हणून आमच्याकडे शिकारीची तयारी मार्चमध्येच सुरू व्हायची, अंगणात गुडघाभर बर्फ असताना. घोड्याएवढ्या त्या एल्क हरणासाठी लोक पार ओहायोहून वायोमिंगला येतात, दहा दिवस तंबूत कुडकुडतात आणि पुढच्या वर्षीची जागा धरून जातात. फोनवर मी बोलायचे. माझा नवरा व्हर्लिन टेबलाच्या पलीकडे कॉफी घेऊन बसायचा. पलीकडचा आवाज त्याला ऐकू जावा म्हणून मी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरायचे. माणूस दोन मिनिटं बोलला की व्हर्लिन कागदावर घोड्याचं नाव लिहायचा. त्या माणसाला डोळ्यांनी बघायची त्याला गरज नसायची, आणि तो कधी चुकला नाही.

त्या मार्चमध्ये एका दातांच्या डॉक्टरचा फोन होता. भयंकर बडबड्या. व्हर्लिनने ऐकलं, मान हलवली आणि कागदावर लिहिलं, टॅफी.

टॅफी मरून नऊ वर्षं झाली होती. कुरणाच्या टोकाला व्हर्लिननेच तिच्यासाठी खड्डा खणला होता आणि दोन दिवस तो जेवला नव्हता.

"टॅफी?" फोन ठेवून मी विचारलं.

"मग काय! बडबड्या माणसाला शांत घोडी. तुला अजून शिकवावं लागतं होय गं?"

मी हसले, आणि त्याचं लक्ष नसताना तो कागद चुलीत टाकला.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि बघायला लागल्यावर दिसायलाही लागलं. तो गावात जायचा आणि कशाला आलो ते न आठवल्यामुळे तसाच परत यायचा. आमच्या हाताखाली कोय नावाचा वाटाड्या होता. हा चाळिशीचा, अबोल माणूस अकरा वर्षं आमच्याबरोबर होता. त्याला व्हर्लिनने एका सकाळी तीनदा तेच काम सांगितलं. कोयने तीनदा "हो बॉस" म्हटलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

व्हर्लिन मूर्ख नव्हता. एप्रिलमध्ये एका दुपारी मी तबेल्यात गेले, तर तो खोगिरांना तेल लावत बसला होता.

"आर्डिस, मला कळतंय बरं का," तो मान वर न करता म्हणाला.

"काय कळतंय?"

"सोंग नको करूस. तुला कधीच जमलं नाही ते. डोक्याला भोकं पडलीत माझ्या. सामान गळतंय त्यातून."

मी त्याच्याजवळ पेंढीवर बसले.

"एक मोसम दे मला," तो म्हणाला. "एवढा एकच. तळाचं सामान मी वर नेणार. माझी खेचरं, माझ्या हातांनी बांधून, माझ्या मागे. मग तू म्हणशील ते. खुर्चीत बसव, बरणीत घाल."

"आणि कोयला?"

"कुणालाच सांगायचं नाही. लोक माझ्याकडे कीव करून बघायला लागले ना, आर्डिस, की मी त्याच दिवशी मेलो असं समज."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. तेव्हा मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता. एवढा धडधाकट माणूस, आणि हा असा आतून चालला म्हणून राग.

त्या वर्षीच्यासारखी तयारी मी कधी केली नाही. शिकारी चौघंच घेतले, सगळे जुने, व्हर्लिनवर जीव टाकणारे. बडबड्या डॉक्टरला नम्रपणे दुसरीकडे पाठवलं. कोणाला कोणता घोडा ते मीच ठरवलं, आणि व्हर्लिनपुढे कागद असा ठेवला की त्यानेच ठरवलं असं त्याला वाटावं. दहा दिवसांचा शिधा मी दिवसागणिक वेगळ्या पिशव्यांत भरला. घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, पीठ, कॉफी. कोणता तंबू कुठे, चूल कुठे, कोणत्या सकाळी कोण कुणाबरोबर कोणत्या कुरणावर जाणार, सगळं लिहून काढलं. शिकाऱ्याबरोबर व्हर्लिन एकटा कधी राहणार नाही अशा बेताने ते लिहिलं होतं. त्याच्या खिशात रोज सकाळी मी त्या दिवसाच्या कामांची एक चिठ्ठी ठेवणार होते. वाटेवर कोय त्याची पाच खेचरं घेऊन पुढे, व्हर्लिन त्याची पाच घेऊन मध्ये, आणि मी माझ्या घोडीवर सगळ्यांच्या मागे.

"मी पुढे का?" कोयने विचारलं. "बॉस नेहमी पुढे असतात."

"तुझी खेचरं आडमुठी आहेत. त्यांच्या मागे राहून बॉसने काय धूळ खायची?" असं मी म्हटलं, आणि हे किती लंगडं कारण आहे ते माझं मलाच ऐकू आलं.

"मग तर ती पुढे असली की धूळ—" एवढं बोलून कोय थांबला. "बरं बाई. पुढे तर पुढे."

सगळं लिहिलं, फक्त गाठी नाही लिहिल्या. का नाही, ते सांगते.

खेचरं एकामागे एक बांधून चालवतात. त्या रांगेला आम्ही माळ म्हणतो. पण एका खेचराचा दोर पुढच्याच्या खोगिराला सरळ बांधायचा नसतो. प्रत्येक खोगिराच्या मागे बारीक सुतळीचा एक फास ठेवतात आणि दोर त्या फासात अडकवतात. एखाद्याचा पाय घसरला, तर झटक्याने सुतळी तुटते. एक जनावर जातं, बाकीची वाटेवर राहतात. एवढी ती करंगळीपेक्षा बारीक सुतळी, पण तीच सगळं सांभाळते.

आणि आमच्याकडे माळ बांधणाऱ्याच्या गाठी दुसरा कुणी तपासत नाही. हात लावणं सोडा, वाकून बघतही नाही. बघितलं की तो अपमान झाला. एवढ्याशा गोष्टीवरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी या खोऱ्यात पाहिलंय. माणूस दारू प्यायला तर लोक बोलतात, बायकोशी भांडला तर बोलतात, पण त्याच्या गाठी त्याच्या असतात.

ऑगस्टच्या शेवटी, शिकारी यायच्या दोन आठवडे आधी, आम्ही तळ ठोकायला निघालो. सकाळी वाटेच्या तोंडाशी व्हर्लिन खेचरं लादायला लागला आणि मी सगळी कामं सोडून बघत उभी राहिले. पेट्या दोन्ही हातांत उचलून तो वजन जोखत होता, एकीतला डबा काढून दुसरीत टाकत होता, तंग आवळताना जनावराच्या कानात शिव्या पुटपुटत होता. कुठे अडखळला नाही. त्याचे हात वीस वर्षांपूर्वीचेच होते. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मनात म्हटलं, डोकं गेलं तर जाऊ दे, हात तर शाबूत आहेत.

तो एकेका खेचरामागे वाकून दोर बांधत गेला. शेवटचं झालं तसं कोय माझ्याजवळ आला. आवाज एकदम खाली.

"बाई, बॉसच्या माळेवर एकदा नजर टाकू का मी?"

"काय म्हणालास?"

"नाही, आपलं... त्यांचं हल्ली जरा—"

"तू दुधाच्या बाटलीला चिकटला होतास तेव्हापासून तो माळा बांधतोय. स्वतःची खेचरं बघ."

तो लालबुंद झाला. टोपी डोळ्यांवर ओढून पुढे गेला. मी दहा पावलांवर होते. मान वाकडी केली असती तरी मला दिसलं असतं. मी केली नाही. नवऱ्याचा मान राखला, असं मला वाटलं.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. व्हर्लिन शीळ घालत होता. मधूनच मागे वळून ओरडायचा, "काय गं म्हातारे, झोपलीस का?" मी उलट ओरडायचे की घोडी मलाच झोपू देत नाही. इतका खुशीत तो कित्येक महिन्यांत नव्हता.

सोडा क्रीक नावाच्या ओढ्याच्या वरचा कडा लागला. तिथे वाट जेमतेम पेटीएवढी रुंद आहे. चौथ्या नंबरला ज्युनिपर नावाची खेचरी होती, माळेतली सगळ्यांत गुणी. तिच्या मागच्या पायाखालची खडी सरकली. ती बसली, मग कलली. मी मनात म्हटलं, तूट. सुतळी तुटली नाही. ज्युनिपरने पाचव्याला ओढलं, तिसऱ्याला ओढलं, आणि मग दुसरं, मग पहिलं. दोर सरळ खोगिरांना बांधले होते, चारही. व्हर्लिनच्या हातातला दोर सर्रकन गेला आणि त्याचा तळवा सोलून निघाला. त्याने दोर हाताला गुंडाळला नव्हता, म्हणून तो वाचला.

मग खालून आवाज आले. ते मी सांगणार नाही.

आम्ही फेरा घेऊन ओढ्यात उतरलो. दोन जिवंत होती. कोयने बंदूक काढली आणि काम केलं. हे करताना तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता. माझा शिधा सगळीकडे पसरला होता. सातव्या दिवसाची पिशवी एका दगडावर होती, तशीच्या तशी.

व्हर्लिन ज्युनिपरपाशी गुडघ्यावर बसला. तिच्या खोगिराला बांधलेली गाठ त्याने हातात घेतली. उलटीपालटी करून बघितली. सोललेल्या हाताचं रक्त दोरीला लागत होतं.

"सुतळी कुठंय?" तो म्हणाला.

त्याने खोगिरामागे चाचपून बघितलं.

"ही माळ कोणी बांधली?"

तो कोयकडे बघत होता. खरंच विचारत होता. त्याला आठवत नव्हतं. कोयने तोंड उघडलं. तो काय बोलला असता ते मला माहीत नाही. कदाचित खरं, कदाचित मालकासाठी खोटं. पण व्हर्लिनच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं होतं, स्वतःच्या हाताकडे तो बघायला लागला होता, आणि ते मला सहन होईना.

"मी बांधली," मी म्हटलं.

"तू?"

"तू कॉफी घेत होतास. म्हटलं तेवढाच वेळ वाचेल."

मला वाटलं तो चिडेल, शिवी घालेल. शिवी मी आनंदाने घेतली असती.

"माझ्या जनावरांना तू परत हात लावायचा नाहीस," तो शांतपणे म्हणाला. "कधीच."

"नाही लावणार."

कोय माझ्याकडे बघत होता. मी मान हलवून त्याला गप्प राहायला सांगितलं, आणि तो गप्प राहिला. आजतागायत राहिला आहे.

घरी आल्यावर मी चारही शिकाऱ्यांना फोन केले. या वर्षी नाही, आमचा धंदा बंद झाला, शेजारच्या खोऱ्यातला माणूस तुम्हाला वर नेईल. व्हर्लिन टेबलाच्या पलीकडे बसला होता, पण मी रिसीव्हर कानाला घट्ट धरला. त्यातल्या एकाने, एकोणीस वर्षं येणाऱ्या म्हाताऱ्याने, विचारलं, "व्हर्लिन बरा आहे ना?"

"तो बरा आहे. चूक माझी होती."

"तुझी? आर्डिस, तू कधीपासून माळ बांधायला लागलीस?"

"एकदाच बांधली," मी म्हटलं.

खोऱ्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. व्हर्लिन स्वतःच सांगायचा, आणि सांगताना मला सांभाळून घ्यायचा, ते जास्त लागायचं. वय झालंय तिचं, मीच लक्ष ठेवायला हवं होतं, असं म्हणायचा. पेंड आणायला गेले की दुकानातली माणसं बोलता बोलता थांबायची. पाच जनावरं मारणारी बाई म्हणजे काय, ते मी त्यांच्या नजरेत वाचलं. त्यांना काय दोष द्यायचा? दहा पावलांवर उभी होते मी. मान वळवायची होती, एवढंच.

ऑक्टोबरात कोय दुसऱ्याकडे कामाला लागला. निघताना दारात टोपी काढून उभा राहिला. "बाई, मी बघायला हवं होतं. तुम्ही ओरडलात तरी," म्हणाला. मी त्याला जेवून जा म्हटलं. तो जेवला नाही.

याला आता तीन हिवाळे झाले. व्हर्लिनचं बाकीचं सगळं गेलं. वाटा गेल्या, घोड्यांची नावं गेली, आमचं लग्न गेलं. मी त्याच्या लेखी घरात काम करणारी कुणीतरी बाई आहे. चांगली आहे, सूप बरं करते, असं तो म्हणतो. फक्त ती एक गोष्ट राहिली आहे. सगळं गळून गेलं आणि नेमकी तीच कशी राहिली, ते मला डॉक्टरलाही विचारवत नाही.

रोज दुपारी मी त्याला भरवायला बसते तेव्हा तो माझं मनगट धरतो आणि इकडेतिकडे बघून विचारतो, "ती बाई गेली ना? माझी खेचरं मारली ती?"

"गेली," मी सांगते.

"परत येऊ नको देऊ हं तिला."

"नाही देणार."

मग तो माझा हात थोपटतो, मी चांगली आहे म्हणून, आणि तोंड उघडतो.