पाय वर, डोके खाली

मित्रांनो, कल्पना करा, तुमचे आजोबा पाय वर आणि डोके खाली करून निजले आहेत. हसू आले ना? आमच्या उबोन शहरात कुणी हसणार नाही. इथे डोके पूज्य, पाय हीन. निजलेल्या माणसाला ओलांडणे म्हणजे त्याचा अपमान.

मी एक जुनी गॅसची टाकी आहे, इस्पितळातली. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच वायू माझ्या पोटात आहे, फक्त अगदी शुद्ध. रक्तवाहिन्यांचे चित्र काढायला त्यांत औषधी रंग सोडतात. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी, त्यांना तो सोसत नाही. मग मला बोलावतात. "हिची चित्रे फिकट," अशी नावे मला पुष्कळांनी ठेवली. ठेवोत. माझा वायू पायांतून वाहतो, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. पण मेंदूकडे मला कुणी पाठवू नका. तिथे बुडबुडा अडला, तर माणसाची वाचा जाऊ शकते. वायू रक्तात वर चढतो, म्हणून डोके खाली हवे.

खाम्पून आजोबांची मूत्रपिंडे दुबळी होती आणि पायाची जखम मधुमेहामुळे भरत नव्हती. रक्त कुठे अडले ते कळले नाही, तर पाय कापावा लागणार होता. तरी आजोबा ऐकेनात.

"गळ्यात बुद्ध आणि पाय त्याच्या वर? पाय गेला तरी चालेल, बाई."

"बुद्धाचा ताईत काढून नातीकडे द्या," डॉक्टर विपादा म्हणाल्या.

"आणि डोकं? तेही काढून तिच्याकडे देऊ?"

त्यांची चिमुरडी नात फाय उशी घेऊन पुढे झाली.

"उशी नको गं. डोकं उंच झालं की बुडबुडे तिकडेच धावतील," डॉक्टर म्हणाल्या.

फायने उशी ठेवली आणि टेबलाशेजारी फरशीवर ती उताणी पडली.

"हे काय? म्हशीसारखी लोळतेस?"

"आता तुमचं डोकं माझ्यापेक्षा उंच आहे, आजोबा. मोठ्यांचं वर, लहानांचं खाली. तुम्हीच शिकवलंत."

 आजोबांनी ताईत काढून तिच्या हातात ठेवला. "कलवा तुमचं टेबल."

क्ष-किरणांमुळे फायला बाहेर पाठवले. दाराआडून मला ऐकू येत होते.

"ऊठ बाळ, लोक ओलांडून जातील तुला," परिचारिका म्हणाली.

"जाऊ देत."

मित्रांनो, मला फिकट म्हणा, जुनी म्हणा. पण मी जिथे 'नाही' म्हणते, तिथे माझे ऐका. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकले, आणि गुडघ्याखाली अडलेली जागा सापडली. डॉक्टरांनी दार उघडले. फाय फरशीवरच होती, ताईत दोन्ही हातांनी उंच धरून.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या.

"आजोबांचं डोकं वर केलंत?"

"आत्ताच."

तेव्हा कुठे ती उठली.