स्पडचा पट्टा खुंटीवरच राहिला

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कुत्र्याच्या गळ्यातला. मात्र माझ्या आत गळा नाही, त्याला आता तीस वर्षं होत आली. डब्लिनमधल्या एका अरुंद घरात, दाराजवळ, टेलिफोनच्या वरच्या खुंटीवर मी लटकलेला असतो. पाहुणे मला बघून म्हणतात, "किती छान जुनी वस्तू!" माझ्या मनात मात्र अजून राग आहे. तो गिळून तुम्हाला गोड गोष्ट सांगणं मला जमणार नाही.

मला पीडरआजोबांनी बनवलं. घोड्यांचे साज शिवण्यात त्यांचा जन्म गेला. पुढे दूधवाल्यांचे घोडे गेले, मोटारी आल्या आणि आजोबांच्या आरीला काम उरलं नाही. शेवटच्या घोड्याच्या लगामातलं थोडं कातडं त्यांनी जपून ठेवलं होतं. एके दिवशी त्यांच्या फाटकातून बटाट्याच्या रंगाचं एक पिल्लू आत शिरलं आणि थेट त्यांच्या बुटावर झोपलं. बटाट्याला आमच्या गल्लीत स्पड म्हणतात, म्हणून त्याचं नाव स्पड. आजोबांनी ते कातडं काढलं, भोकं पाडली, मेणदोऱ्यानं दुहेरी शिवण घातली. पितळी बिल्ल्यावर हातोडीनं एकेक अक्षर ठोकून एका बाजूला स्पडचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला घराचा पत्ता.

"घे बाबा," ते पिल्लाला म्हणाले, "तू विसरलास तरी हा विसरणार नाही."

ते शब्द मी अंगाला लावून घेतले. आम्ही दोघं कालव्यात पोहलो, चिखलात लोळलो. दर शनिवारी आजोबा मला तेल चोळत. एकदा मासळीच्या गाडीमागे धावत स्पड पार गोदीपर्यंत गेला. तिथल्या पोलिसानं माझ्यावरचा पत्ता वाचला आणि त्याला घरी आणून सोडलं. त्या दिवशी आजोबांनी माझा मुका घेतला. कातड्याचा मुका घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

हॅलोविन आली की आजोबांची शिस्त ठरलेली असे. आमच्याकडे त्या दिवशी मैदानात लाकडी फळ्यांची होळी पेटते आणि मुलं मुखवटे घालून दारोदार खाऊ मागतात. फटाक्यांना बंदी आहे. पण बंदी असलेली वस्तू बाबागाडीत बाळाच्या दुपट्याखाली लपवून बाजारात कशी विकायची, हे आमच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. दिवस मावळायच्या आत आजोबा स्पडला फिरवून आणत, मला एक भोक घट्ट करत आणि त्याला मागच्या खोलीत नेऊन पडदे लावत. रेडिओ मोठ्यानं लावून स्वतःही तिथंच बसत. मनुकांचा गोड पाव एकटेच खात, कारण मनुका कुत्र्याला बाधतात. स्पडला डुकराच्या मांसाचा तुकडा मिळे. बाहेर धडाड्‌धूम चाले आणि आत स्पड त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत बसे. आठ हॅलोविन अशाच गेल्या.

नवव्या वर्षी आजोबा शिडीवरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना दवाखान्यात नेताना त्यांनी मुलीचा हात धरला.

"नोलीन, हॅलोविनला स्पडला सांभाळशील ना?"

"हो हो बाबा. तुम्ही तुमचं हाड सांभाळा."

नोलीन वाईट बाई नव्हती, हे मला सांगायलाच हवं. स्पडला रोज भात-मटण तीच घाली. पण त्या दिवशी तिच्या नऊ वर्षांच्या ऑर्लाच्या डोक्यात आलं की ती मेंढपाळीण होणार आणि स्पड तिची मेंढी. जुन्या बनियनवर तिनं दुपारभर कापूस चिकटवला. सोंग अंगात गेलं, पण गळ्याशी काही केल्या बसेना. मी मध्ये येत होतो.

"आई, याचा पट्टा काढ ना. मेंढीच्या गळ्यात पितळी पाटी कुठे असते!"

"खरंच की," नोलीन हसली. "तासाभराचा तर प्रश्न आहे. दारातच उभा राहणार आहे तो."

आणि तिनं मला काढलं. आजोबांनी वर्षातल्या ज्या एका संध्याकाळी मला घट्ट करायचं ठरवलं होतं, त्याच संध्याकाळी मला खुंटीवर टांगलं. खाली स्पड उभा होता, कापसात बुडालेला, कान पाडलेला. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. त्याला ते सोंग नको होतं, हे घरात फक्त मला कळत होतं.

पहिली टोळी आली, दुसरी आली. "हॅलोविनला हातभार लावा!" मुलं ओरडत आणि नोलीन त्यांच्या पिशव्यांत शेंगा-सफरचंदं टाकी. सगळ्यांनी मेंढीचं कौतुक केलं. ऑर्ला फुलून गेली होती. दार बंद करून पुन्हा उघडण्याचा कंटाळा आला, तेव्हा नोलीननं ते सरळ उघडंच ठेवलं. तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी फटाका टाकला.

आवाजानं काचा हादरल्या. स्पड नोलीनच्या पायांतून निसटला, मुलांच्या मधून गेला आणि अंधारात दिसेनासा झाला. "स्पड! स्पड!" दोघी धावल्या. मी खुंटीवर हललोसुद्धा नाही. घराचा पत्ता माझ्यावर होता आणि मी घरातच होतो.

खरा दगा मात्र दुसऱ्या दिवशी सुरू झाला. सकाळी ऑर्लानं रडत रडत रंगीत खडूनं मोठा कागद लिहिला: आमचा स्पड हरवला आहे. तो कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेवर लावायला ती निघाली, तर नोलीननं तिला दारात अडवलं.

"थांब. दुकानात लागलं की शेजारच्या कमिस्कीकाकू वाचणार. दुपारी त्या दवाखान्यात आजोबांना भेटायला जाणार. मग आजोबांचं काय होईल?"

"मग कुत्र्यांच्या कोंडवाड्यात फोन कर ना."

"तिथं काकूंचा भाऊच कामाला आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. येईल गं स्पड. कुत्र्याला वाट ठाऊक असते."

तिनं कागदाची घडी केली आणि टेलिफोनखालच्या खणात टाकली. रोज पहाटे ती एकटीच कालव्याकाठी जाऊन हाका मारी आणि ओले बूट घेऊन परत येई. कोणी विचारलं, तर स्पडला सर्दी झाली आहे, तो आत झोपलाय, असं सांगे. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आजोबांचा फोन येई.

"काय म्हणतोय आमचा बटाटा?"

"मजेत आहे बाबा. आत्ताच हाडूक फस्त केलं."

"हॅलोविनला घाबरला नाही ना?"

"छे! ढिम्म हलला नाही."

हे ती माझ्या खाली, हातभर अंतरावर उभी राहून बोलत असे. मला तोंड असतं तर त्या फोनमध्ये ओरडलो असतो. बारा दिवस ती रोज खोटं बोलली. सुरुवातीला तिचा आवाज कापायचा, पुढे पुढे तोही कापेना.

तेराव्या दिवशी आजोबा काठ्या टेकत घरी आले. दारातच त्यांनी शीळ घातली. आतून कोणी धावत आलं नाही. त्यांनी पुन्हा शीळ घातली आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"हा इथे कसा?"

"बाबा, आधी बसा तरी. चहा टाकते."

"नोलीन, मी विचारतोय, हा इथे कसा?"

उत्तर ऑर्लानं दिलं. तिनं सगळं सांगितलं, एका दमात, हुंदके देत. आजोबांनी मला खुंटीवरून काढून मुठीत घेतलं आणि त्याच हातानं कोंडवाड्याचा नंबर फिरवला. फोनवर काकूंचा भाऊच होता. त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"कापूस चिकटलेला ना? होता की, पीडर! कालव्याच्या पलीकडं सापडला होता. आम्ही त्याला मेंढीच म्हणायचो. पण तुमचा कुत्रा मी कुठे कधी पाहिलाय? गळ्यात काही नाही, विचारायला कोणी नाही. नियमाप्रमाणे पाच दिवस ठेवला. मग खेड्यावरचं एक जोडपं घेऊन गेलं. माणसं चांगली वाटली हो. नाव-गाव काही लिहून घेतलं नाही बघा."

आजोबांनी फोन ठेवला. नोलीन भिंतीला टेकून उभी होती.

"बाबा, तुम्हाला धक्का बसेल म्हणून मी... तुम्ही रडला असतात."

"हो," आजोबा म्हणाले. "रडलो असतो. आणि पहिल्याच दिवशी माझा कुत्रा घरी आला असता."

त्यानंतर ते तिला एक शब्दही टाकून बोलले नाहीत. त्यांनी खेड्यापाड्यांत चिठ्ठ्या पाठवल्या, बाजारच्या दिवशी बसनं जाऊन विचारपूस केली. स्पड मिळाला नाही. कुठल्या तरी शेतावर, दुसऱ्या कुठल्या तरी नावानं तो म्हातारा झाला असेल. शेवटपर्यंत त्याला वाटत राहिलं असेल की त्याला कोणी शोधायलाच आलं नाही. कोंडवाड्यातले पाच दिवस तरी ते खरंच होतं.

मित्रांनो, आता जनावरांच्या कातडीखाली चिप बसवतात म्हणे. जरूर बसवा. फटाक्यांच्या दिवशी खोली बंद ठेवा, जवळ बसा, सोंगं तुम्ही घाला, त्यांना घालू नका. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर ती त्याच दिवशी गल्लीभर ओरडून सांगा. लाज वाटली तर वाटू द्या. तुमची लाज झाकली जाते तेवढ्या दिवसांत बाहेर कोणीतरी दिवस मोजत असतं, पाच संपले की तुमच्या जनावराला दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतं.