मिनिटांची बेरीज

रॉय एन्टविसलने मीठदाणी टेबलाच्या डाव्या कडेला सरकवली, सॉसची बाटली उजवीकडे ठेवली आणि मधल्या जागेवर बोट आपटलं.

"हे मीठ म्हणजे एकशे पस्तीस, ही बाटली एकशे पंचेचाळीस. आजच्या सामन्यात ज्या ज्या मिनिटाला गोल होतील, त्या मिनिटांची बेरीज या दोहोंच्या मधे येईल असा पैजेच्या कंपनीचा अंदाज. जास्त येईल वाटलं तर बाटलीच्या भावाने घ्यायचं, कमी वाटलं तर मिठाच्या भावाने विकायचं. मी विकलंय. मिनिटाला वीस पौंड."

शेजारचा क्लिफ डकवर्थ मटणाची पाई खाता खाता थांबला. "बेरीज शंभर झाली तर?"

"पस्तीस मिनिटं कमी, गुणिले वीस. सातशे पौंड माझे."

"आणि दोनशे झाली तर?"

"तू आपला घोड्यांवर दोन पौंड लाव, बाबा. हे डोकं असणाऱ्यांचं काम आहे."

खिडकीशी इस्त्री करणाऱ्या रॉयच्या बायकोने, एव्हरिलने, शर्टाची कॉलर उलटी केली. ते डोकं ती एकतीस वर्षं पाहत होती. बस डेपोत तिकिटं तपासून निवृत्त झालेला हा माणूस जिंकण्या-हरण्यावर पैज लावणाऱ्यांना गाढव म्हणे. गाढवाचे लावलेले तेवढेच पैसे जातात. याच्या पैजेत अंदाज जितका चुकेल तितका तोटा वाढतच जातो. गेल्या हिवाळ्यात त्यापायी गाडी विकली. तेव्हाही तो म्हणाला होता, अंदाज बरोबर होता, सामनाच चुकला.

पण तिला त्याची खरी शिसारी यायची ती शनिवारी सकाळी. त्यांचा मुलगा नील मिडलंड्सच्या एका क्लबात आघाडीला खेळे. रॉय त्याला न चुकता फोन करी. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. गोलकीपरचं बोट बरं झालं का? कोण बाहेर बसणार? क्लबाने सगळ्या खेळाडूंना बजावलं होतं की, आतली बातमी पैजेसाठी बाहेर गेली तर खेळणं कायमचं बंद. एव्हरिलने हे रॉयला दोनदा सांगितलं. "बापाशी बोलायलाही बंदी आहे का?" असं म्हणून त्याने दोन्ही वेळा हात झटकला होता.

"नीलचा गुडघा गेलाय," रॉय आता क्लिफला सांगत होता. "सकाळी स्वतः बोलला. त्याच्याशिवाय यांना गोल कोण घालणार?"

टीव्हीच्या पडद्यावर खेळाडूंची नावं आली. राखीव खेळाडूंत नील होता.

"हा काय," क्लिफ म्हणाला.

"संख्या भरायला बसवलाय."

एकतिसाव्या मिनिटाला समोरच्या संघाने गोल केला, बासष्टाव्याला नीलच्या संघाने फेडला. रॉयने वर्तमानपत्राच्या कडेला त्र्याण्णव लिहिलं आणि खाली आठशे चाळीस. मग क्लिफला आग्रहाने बिअर ओतली, जणू दारू त्याच्याच हुशारीतून गाळली होती.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला नील मैदानात उतरला. एव्हरिलने इस्त्री उभी करून ठेवली.

"लंगडत नाहीये तो," क्लिफ म्हणाला.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडून चेंडू आला आणि नीलने डोक्याने तो जाळीत घातला. क्लिफ टाळी वाजवायला उठला, पण रॉयचा चेहरा बघून तसाच अर्धवट बसला. रॉय पेन्सिलीने बेरीज करत होता. नव्वदाव्या मिनिटाला नील पुन्हा पळाला, त्याच दोन पायांवर, दोघांना मागे टाकून. रॉय ओरडला, "पाड रे त्याला! कुणीतरी पाडा!"

कुणी पाडलं नाही. चेंडू आत गेला.

क्लिफला घरी काहीतरी काम आठवलं.

"दोनशे सदुसष्ट," रॉय पुटपुटला. "दोन हजार सहाशे चाळीस पौंड. खोटं बोलला माझ्याशी. पोटचा पोरगा!"

"गुडघा ठणठणीत आहे त्याचा," एव्हरिल म्हणाली. "गुरुवारीच मला सांगितलं त्याने. आज उतरवतील, असंही म्हणाला."

"तुला माहीत होतं? मग मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? मी रोज त्याच्याशी बोलते. काय बोलतो, कसा आहे, एकदा तरी विचारलंस?"

रॉयने कागद उलटा करून पुन्हा पहिल्यापासून बेरीज मांडली. आकडा तोच आला.

चार वाजता तिचा फोन वाजला. नीलच्या मागे खूप गलका होता, कुणीतरी गात होतं.

"आई, बघितलंस?"

"दोन्ही बघितले राजा. दुसऱ्याच्या वेळी मी खुर्चीवर चढले होते." चढली नव्हती, पण तिला आता वाटलं, चढायला हवं होतं.

मग नीलने आवाज खाली आणला. "आणि बाबांनी?"

एव्हरिलने वळून पाहिलं. रॉय पेन्सिल थांबवून तिच्याकडे बघत होता. हात किंचित पुढे आला होता, फोनसाठी की आणखी कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"नाही रे," ती म्हणाली. "ते घरी होते, पण त्यांचा सामना बघायचा राहिला."